हायस्कूलचा पहिला दिवस : वाचकांचे प्रश्न

मे महिना आला की गोव्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी आणि गणवेशाची मापे एकाच वेळी निघतात, आणि या सदराकडे नव्या शाळेविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा आमच्या गावातील सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झाला. शाळेत मुले मोजकीच आणि चारही वर्गांना मिळून एकच बाई. जूनमध्ये तो वाळपईच्या एका हायस्कूलमध्ये पाचवीला, म्हणजे इंग्रजी माध्यमात जाईल. "मला तिथे काही कळणार नाही, मी जाणार नाही," असे तो रोज म्हणतो. माझ्या जावेचा मोठा मुलगा त्याला सांगतो की तिथे इंग्रजीत उत्तर आले नाही तर छडी मिळते. घरचे म्हणतात की महिनाभर शिकवणीला घालावे. काही नातेवाईक म्हणतात, "पहिलीपासूनच इंग्रजीत घालायला हवे होते." पहिल्या दिवसासाठी त्याची तयारी कशी करून घ्यावी? — एक आई, सत्तरी

उत्तर : ताई, नातेवाइकांच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण पत्रात तेच तुम्हाला सर्वांत जास्त बोचलेले दिसते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या, आणि चौथीपर्यंत मराठी व पाचवीपासून इंग्रजी ही वाट पुढे हळूहळू रुळली. १९९० मध्ये तर प्राथमिक स्तरावरचे सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या शाळांनाच देण्याचे धोरण आले. त्यामुळे आज चाळिशीत असलेले गोव्यातील असंख्य शिक्षक, डॉक्टर, अभियंते आणि सरकारी अधिकारी पाचवीच्या पहिल्या दिवशी तुमच्या मुलाच्याच जागी बसलेले होते. तुम्ही त्याचे नुकसान केले, असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र त्याची भीती अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. त्या पिढीची बहुतेक मुले माध्यमाचा उंबरठा एकत्र ओलांडत असत, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गातील बरीच मुले सारखीच बावरलेली असत. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि तेव्हापासून पाचवीचा वर्ग जास्त मिश्र झाला. आता तुमच्या मुलाच्या शेजारच्या बाकावर चार वर्षे इंग्रजीतून शिकून आलेला मुलगा बसलेला असण्याची शक्यता मोठी आहे. तो पटापट उत्तरे देईल आणि तुमच्या मुलाला वाटेल की याला सगळे येते. हे अंतर भाषेच्या सवयीचे आहे, बुद्धीचे मुळीच नाही, आणि पाचवीच्या शिक्षकांना ते ठाऊक असते. तुमच्या मुलाला मात्र ते ठाऊक नसते, म्हणून शाळा सुरू होण्याआधीच त्याला हे मोकळेपणाने सांगून ठेवा. "तिथे काही अवघड नसते," असे खोटे आश्वासन दिले, तर दुपारी घरी येईपर्यंत त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडालेला असेल.

शिकवणीविषयी माझे मत स्पष्ट आहे : मे महिन्यात नको. शिकवणीत पाचवीच्या पुस्तकाचा पहिला धडा शिकवला जातो, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी पहिला धडा सहसा होतच नाही. त्या दिवशी प्रार्थना होते, तुकड्यांच्या याद्या लागतात, हजेरी घेतली जाते, वेळापत्रक फळ्यावर लिहिले जाते, पुस्तके मिळतात किंवा ती कधी मिळतील हे सांगितले जाते. एका खोलीत, एका बाईंच्या डोळ्यांसमोर चार वर्षे वाढलेल्या मुलाचा गोंधळ नेमका इथे उडतो. बाई आपल्याला ओळखतात, आपल्याला बरे नसेल तर त्यांना चेहऱ्यावरूनच कळते, याची त्याला सवय असते. हायस्कूलमध्ये दर तासाला घंटा होते आणि नवे शिक्षक वर्गात येतात. एकाच दिवशी सहा-सात अनोळखी मोठी माणसे त्याच्यासमोर उभी राहतील आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्याचे नाव ठाऊक नसेल. माझ्या अनुभवात मराठी शाळेतून आलेली मुले पहिल्या आठवड्यात रडतात ती बहुतेक वेळा यामुळे. आपण मोठी माणसे मात्र ते सगळे इंग्रजीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो.

म्हणून तयारी करायची ती या गोष्टींची करा. शाळेचे कार्यालय सुट्टीत ज्या दिवशी उघडे असेल, त्या दिवशी काही ना काही कामाच्या निमित्ताने त्याला सोबत घेऊन जा. फाटक, पिण्याच्या पाण्याचा नळ, मुलांचे स्वच्छतागृह, सूचनाफलक, कार्यालय आणि शक्य झाल्यास पाचवीचे वर्ग हे सगळे त्याला स्वतःच्या पायांनी फिरून पाहू द्या. नोंदणीतील आपले पूर्ण नाव इंग्रजी अक्षरांत कसे लिहिले आहे, हे त्याला ओळखता आले पाहिजे. गावात ज्याला सगळे बाबू म्हणतात, त्याला हजेरीत आडनावासकट पुकारलेले नाव आपलेच आहे हे पटकन कळत नाही, आणि फलकावरची यादीही बहुधा इंग्रजीतच असते. हे क्षुल्लक वाटेल, पण यादीत नाव न सापडल्यामुळे पहिल्या सकाळी व्हरांड्यात तोंड पाडून उभी राहिलेली मुले मी दरवर्षी पाहिली आहेत.

भाषेच्या बाबतीत घरी थोडेसेच, पण नेमके काम करा. वर्गात येण्याची परवानगी मागणे, हजेरी देणे, स्वच्छतागृहात जाण्यासाठी विचारणे, आपले नाव, गाव आणि आधीची शाळा सांगणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे "आय डिड नॉट अंडरस्टँड, टीचर" हे वाक्य, एवढे त्याच्या जिभेवर बसले तरी पहिला आठवडा निभावतो. यातील शेवटचे वाक्य बिनदिक्कत म्हणता येणारा मुलगा, चार धडे पाठ करून आलेल्या मुलापेक्षा लवकर पुढे जातो.

दुसरे काम आकड्यांचे आहे आणि त्याकडे पालकांचे फारसे लक्ष जात नाही. मराठी पुस्तकांतून शिकलेल्या मुलाच्या डोळ्यांना देवनागरी अंकांची सवय असते. इंग्रजी नऊ त्याला घाईत आपल्या १ सारखा दिसतो, आणि इंग्रजी आठ ४ सारखा. ऐकताना आणखी एक अडचण येते. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी उच्चारतो आणि चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी येतात, त्यामुळे ऐकून लिहिताना मुले अंकांची अदलाबदल करतात. असे आकडे चुकलेल्या मुलाला गणित येत नाही, असा समज चटकन होतो. रोज संध्याकाळी दहा मिनिटे एक ते शंभर या आकड्यांपैकी काही इंग्रजीत सांगा आणि त्याला लिहू द्या. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि अपूर्णांक यांची इंग्रजी नावे कानावरून गेलेली असली की पुरे. पाढे मात्र मराठीतलेच राहू द्या. तोंडी हिशेब मनात कोणत्या भाषेत झाला, हे वहीत कोणाला दिसत नाही.

जावेच्या मुलाने घातलेल्या भीतीचेही निवारण करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यास बंदी आहे. त्याही आधी, २००३ च्या गोवा बाल कायद्याने आपल्या राज्यातील शाळांत शारीरिक शिक्षेला मनाई केलेली आहे. कलमांचे क्रमांक मुलाला सांगून उपयोग नाही, पण "भाषा येत नाही म्हणून कोणी मारू शकत नाही, आणि तसे झाले तर मी शाळेत येऊन बोलेन," एवढे वाक्य आईच्या तोंडून त्याने ऐकलेले असावे.

राहिला पहिल्या दिवसाचा दुपारचा भाग. घरात शिरताच "काही कळले का?" असे विचारू नका, कारण त्याचे खरे उत्तर बहुधा "नाही" असेच असणार आणि ते त्याला तुमच्यासमोर कबूल करावे लागेल. शेजारी कोण बसला होता, कोणत्या गावचा, मधल्या सुट्टीत काय खाल्ले, हे विचारा. पुढे पंधरवड्यानंतर शिकवलेला भाग त्याला तुम्हाला मराठीत समजावून सांगायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तर उलट बरेच, कारण मग त्याला खरोखरच समजावून सांगावे लागेल. आणि शाळेत मराठी विषय घेण्याची सोय असेल, तर तो घ्यायला विसरू नका. दिवसातील एक तास तरी त्याला वर्गात हात वर करता येईल.

प्रश्न : माझ्या मुलाची नोकरी आता डिचोलीला आहे, म्हणून सारे कुटुंब दोडामार्गहून साखळीला आले. नात महाराष्ट्रात सेमी-इंग्रजीतून सातवी झाली. येथे आठवीला प्रवेश घ्यायचा आहे, पण येथील वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले असे कळते. शाळा सोडल्याचा दाखला यायला वेळ लागतो आहे. तिचा पहिला दिवस हा इतरांच्या दृष्टीने पहिला नसेल, याची तिला लाज वाटते. — एक आजोबा, साखळी

उत्तर : आजोबा, तुम्हाला मिळालेली माहिती बरोबर आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग ७ एप्रिलपासून भरवण्यात आले. मेच्या सुट्टीनंतर जूनमध्ये तेच वर्ग पुढे चालू झाले. महाराष्ट्रातील शाळा मात्र नेहमीप्रमाणे जूनच्या मध्याला नवे वर्ष सुरू करतात. सीमेवरच्या कुटुंबांना हे अंतर यामुळे सोसावेच लागते. एप्रिलच्या तीन-चार आठवड्यांत झालेला अभ्यास फार मोठा नसतो. प्रवेश निश्चित होताच वर्गशिक्षिकांकडून झालेल्या धड्यांची यादी घ्या आणि एखाद्या विद्यार्थिनीच्या वह्या दोन-तीन दिवस मागून घ्या. सेमी-इंग्रजीमुळे गणित आणि विज्ञान तिला इंग्रजीतून परिचयाचे आहेत. तिला वेळ द्यावा लागेल तो इतिहास आणि भूगोलाला, कारण ते विषय तिने आजवर मराठीतून वाचले आहेत आणि त्यांत इंग्रजी वाक्ये लांब असतात.

दाखल्यासाठी प्रवेश थांबवू देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला राज्यातील किंवा राज्याबाहेरील सरकारी वा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे, जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. हे नम्रपणे, पण लेखी अर्जात नमूद करा. राज्य बदलत असल्यामुळे दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागेल का, हे नव्या शाळेच्या कार्यालयात आधीच विचारा, म्हणजे दोडामार्गला दोनदा खेप पडणार नाही. सातवीचे प्रगतिपत्रक, जन्मदाखला आणि जुन्या शाळेकडून मिळणारा तिचा पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, एका फाइलीत ठेवा.

आता लाजेविषयी. मध्येच आलेल्या मुलीची खरी अडचण अशी असते की बाकांवरच्या जोड्या आधीच जमलेल्या असतात आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या घोळक्यात उभे राहायचे, हे तिला कळत नाही. आदल्या दिवशी वर्गशिक्षिकांना भेटून, साखळीहूनच येणारी एखादी मुलगी पहिला आठवडा तिच्यासोबत ठेवावी अशी विनंती करा. मागितल्याशिवाय हे सहसा होत नाही आणि मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. व्हरांड्यात बोलली जाणारी कोकणी तिला परकी वाटेल, अशी चिंता करू नका. दोडामार्गच्या मुलीच्या कानात मालवणी असते आणि तिला कोकणी पहिल्याच दिवशी समजेल. तिच्या बोलीतला एखादा शब्द ऐकून मुली हसल्या, तर तिनेही हसावे.

पत्रात विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सुनेच्या कानावर घाला. तेराव्या वर्षाच्या मुलीला नव्या शाळेत मासिक पाळीसाठी लागणारी वस्तू कोणाकडे मागायची, हे पहिल्याच दिवशी माहीत असले पाहिजे. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड आणि एक जादा अंतर्वस्त्र कायम असावे, आणि वर्गशिक्षक पुरुष असतील तर कोणत्या शिक्षिकेकडे जायचे, हे आईने आधी विचारून ठेवावे.

प्रश्न : मी आता पाचवीत जाणार. माझी मैत्रीण दुसऱ्या शाळेत जाणार आहे. मी कुठे बसू? मला टॉयलेटला जायचे असले आणि टीचर शिकवत असल्या तर काय करू? सगळे माझ्याकडे बघतील का? — पाचवीची मुलगी, फोंडा

उत्तर : तुझे तिन्ही प्रश्न मोठ्यांच्या प्रश्नांपेक्षा चांगले आहेत. पहिल्या दिवशी थोडी लवकर जा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत बस. तिथून फळाही दिसतो आणि पुढे मुली असल्यामुळे उठायचे कधी, बसायचे कधी, हे त्यांच्याकडे बघून कळते. पुढे टीचर तुमच्या जागा बदलतीलच, म्हणून जागेसाठी कोणाशी भांडू नकोस. टॉयलेटला जायचे असेल तर हात वर कर आणि "मे आय गो टू द टॉयलेट, टीचर?" असे विचार. शिकवणे चालू असले तरी विचारायचे. ते वाक्य ऐन वेळी आठवले नाही तर मराठीत किंवा कोकणीत विचार, टीचरना कळते. घाबरून थांबून राहू नकोस आणि त्यासाठी पाणी पिणेही कमी करू नकोस.

सगळे तुझ्याकडे बघतील का? थोडा वेळ बघतील, कारण त्या दिवशी सगळेच सगळ्यांकडे बघत असतात. जिच्याशेजारी बसशील तिला नाव विचार आणि ती कोणत्या शाळेतून आली ते विचार. तिलाही कोणी काही विचारावे असे वाटत असते. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मध्यान्ह आहार मिळतो, पण पहिल्या दिवशी तो सुरू झालेला असेलच असे नाही, म्हणून डबा ने. आणि डबा उघडल्यावर शेजारणीपुढे कर.

प्रश्न : मुलगी पेडण्यातील हायस्कूलला पाचवीत जाईल. बूट, दप्तर, रेनकोट असे सगळे आधीच घेऊन ठेवावे काय? ती बालरथाने, म्हणजे शाळेच्या बसने, एकटी जाईल. पहिल्या दिवशी मी सोबत जावे की नको? — एक वडील, पेडणे

उत्तर : दप्तर साधे आणि हलके घ्या. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे पंचवीस किलोच्या मुलीच्या पाठीवर पुस्तके, डबा, बाटली धरून अडीच किलोच. चाके आणि चित्रे असलेली महागडी दप्तरे रिकामीच जड असतात. वेळापत्रक मिळेपर्यंत एक वही आणि कंपास पुरेशी आहे. काळे बूट जूनमध्ये घेऊ नका, ते दोन दिवस ओले राहिले की कुबट वास मारतात. पावसाळ्यात पट्ट्याच्या सँडल चालतील का, हे शाळेत विचारा. बऱ्याच शाळा चालवून घेतात. रेनकोट दप्तरासकट अंगावर बसेल इतका सैल असावा आणि त्याच्या आत नाव लिहावे, कारण वर्गाबाहेरच्या खिळ्यांवर एकाच रंगाचे वीस रेनकोट टांगलेले असतात.

पहिल्या दिवशी सोबत जा, पण फाटकापर्यंतच. जाताना तुमच्या गाडीने आणि येताना बालरथाने, अशी व्यवस्था मला सर्वांत सोयीची वाटते : सकाळची घाई टळते आणि परतताना गाडीत गावातील इतर मुले असतात. त्यासाठी आदल्या दिवशी बालरथाचे चालक आणि मदतनीस यांच्याशी तिची ओळख करून द्या. पहिल्या आठवड्यात वेळा पुढे-मागे होतात, म्हणून ती उतरेल त्या थांब्यावर तुम्ही किंवा आजी थोडे आधीच जाऊन उभे राहा. बालरथ चुकलाच, तर फाटकाबाहेर न पडता कार्यालयात जाऊन घरी फोन करायला सांगायचे, हे तिला बजावून ठेवा. तुमचा आणि आणखी एका नातेवाइकाचा नंबर तिला पाठ असू द्या आणि डायरीच्या पहिल्या पानावरही लिहा. कदंबचा, म्हणजे राज्य परिवहनाच्या बसचा, पास तूर्त काढू नका. एकटीने बस बदलून येण्याची वेळ सातवी-आठवीत येईल, तेव्हा तो काढता येईल.